सुजलेली पावलं, थांबलेली पाळी आणि रात्रीचं चोरून खाणं

खाणं आणि वजन यांविषयी पत्रं पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या ढिगातून पाच पत्रं निवडली आहेत. मोखाड्याच्या पाड्यापासून हिंजवडीपर्यंतची ही पत्रं वाचताना मला सगळ्यांत एकच गोष्ट दिसत राहिली, ती म्हणजे घाई. कुणाला लेकराच्या अंगावर पटकन बाळसं यायला हवं आहे, कुणाला लग्नाआधी पोट उतरवायचं आहे. वजनाच्या आजारात उपासमार जितकी घातक, तितकीच ही घाई. म्हणून दोन उत्तरं जरा लांबली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये एवढा बदल मजकुरात केला आहे.

प्रश्न : डॉक्टर, मी मोखाडा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या पाड्यावर चौदा महिन्यांचा एक मुलगा आहे. दंडघेर ११.२ निघाला, पट्टी लाल. पण वजन तेवढं कमी नाही, पाय मात्र सुजल्यासारखे वाटतात. मुख्यसेविका म्हणतात एनआरसीला, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा. त्याची आजी तयार नाही. तिच्या दुसऱ्या नातीला दोन वर्षांपूर्वी नेलं होतं, तिथे "नुसतं पांचट दूध पाजलं" आणि चार दिवसांत पोरीचं वजन उलट उतरलं, असं ती सगळ्या पाड्याला सांगते. त्यात आवणीचे (भातलावणीचे) दिवस, आईला सवड नाही. मी घरीच अंडी, टीएचआर (अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार) आणि नागलीची पेज वाढवून दिली तर चालेल का? आणि दवाखान्यात पोटभर का देत नाहीत?

उत्तर : ताई, आजीने जे पाहिलं ते खरंच तसं घडलं असणार. त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नाही. तो तिला पटला तर हे मूल वाचेल, म्हणून आधी तेवढंच सांगते.

प्रथम मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा आणि सोडा. दोन्हीकडे खळगा राहिला, तर ती कुपोषणाची सूज. मग काट्यावर वजन कितीही दिसो, मूल सॅममध्येच, म्हणजे तीव्र कुपोषणातच धरायचं. तुम्हाला दिसणाऱ्या वजनात पाणी आहे. तुमच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली आहे आणि वर सूज आहे. या मुलाला घरी ठेवता येणार नाही. एनआरसीला आजच न्यायला हवं.

आता त्या पांचट दुधाचं. त्याला एफ-७५ म्हणतात, कारण त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, प्रथिनं कमी आणि मीठही कमी. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेलं शरीर सगळी कामं मंद करून कसंबसं जगत असतं. हृदयाचा स्नायू बारीक झालेला असतो, मूत्रपिंडाला मीठ नीट बाहेर टाकता येत नाही, पेशींमधलं पोटॅशियम निघून गेलेलं असतं. अशा मुलाला पहिल्याच दिवशी घट्ट, भरपूर, पौष्टिक खाऊ घातलं तर तो भार त्याच्या हृदयाला पेलत नाही. दोन-तीन दिवसांत मूल दगावू शकतं, तेही पोट भरलेलं असताना. आजीला असं सांगा : विझत आलेल्या चुलीत एकदम मोठा ओंडका घातला तर चूल विझते, आधी काटक्या घालाव्या लागतात. एफ-७५ म्हणजे काटक्या.

हे दूध दर दोन तासांनी द्यायचं असतं, रात्रीसुद्धा. सात किलोच्या मुलाला एका वेळी ६० ते ७५ मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धी वाटी. रात्री दोनला झोपलेल्या पोराला उठवून पाजायचं म्हणजे आयांना छळ वाटतो. पण या मुलांना धोका असतो तो पहाटेच. रक्तातली साखर ५४ च्या खाली जाते, अंग ३५ अंशांच्या खाली गार पडतं आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी सगळं संपतं. मी जव्हारच्या बाजूला काम करत होते तेव्हा रात्रपाळीची सिस्टर वाटी-चमचा घेऊन खाटेखाटेला जायची. आईच्या छातीशी उघडं धरलेलं मूल, वरून पदर आणि चादर, डोक्याला टोपडं. सलाईन नाही, यंत्र नाही. एवढ्यावर पोरं रात्र काढायची. नातेवाईक "बाटली तरी लावा" म्हणून हात जोडायचे. पण सॅमच्या मुलाला सलाईन फक्त तो शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोसळलेलं) असला तरच देतात, नाहीतर तेच पाणी फुप्फुसात जातं. रक्तवाढीचं औषधही पहिल्या टप्प्यात देत नाहीत, जंतुसंसर्ग असताना लोहाने नुकसान होतं. प्रतिजैविक मात्र पहिल्या दिवसापासून असतं, कारण या मुलांना संसर्ग असला तरी ताप येतोच असं नाही.

आणि चार दिवसांत उतरलेलं वजन? ते सुजेचं पाणी होतं. तक्त्यावर ती रेघ खाली आली की आम्हाला बरं वाटायचं. मग एक दिवस असा येतो की पोर वाटीकडे झेप घेतं, चमचा सोडत नाही. भूक परतली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत हळूहळू एफ-१०० वर आणतात, म्हणजे जास्त कॅलरी आणि तिप्पट प्रथिनं. मग किलोमागे दिवसाला दहा ग्रॅम वाढायला लागलं की उत्तम. सात किलोच्या मुलासाठी ते रोज ७० ग्रॅम होतात. त्या नातीला चौथ्या दिवशी घरी आणलं असेल, तर तिची वाढायची वेळ यायच्या आतच आणलं.

तुमची अंडी, टीएचआर आणि पेज वाया जाणार नाही. मॅमच्या, म्हणजे मध्यम कुपोषणाच्या मुलांना तेच हवं. सॅम आहे पण सूज नाही, आजार नाही, भूक चांगली आहे, अशा मुलांना गावातच व्हीसीडीसीमध्ये (ग्राम बाल विकास केंद्रात) सांभाळता येतं. आणि हा मुलगा परत आला की त्यालाही तेच लागेल. अंगावरचं दूध मात्र कुठल्याही टप्प्यात तोडायचं नाही.

राहिला आवणीचा प्रश्न, आणि खरा अडसर तोच असतो. मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा. आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. ती किती आणि कधी हातात पडेल हे केंद्रात फोन करून आधी विचारा आणि आजीला आकडा सांगा, नुसतं "पैसे मिळतील" म्हणू नका. तिच्या वाट्याची आवणी पाड्यातल्या बायका उरकतील का, हे तुम्हीच विचारू शकता. डॉक्टरांना ते जमणार नाही. घरचे भगताकडे जात असतील तर त्यालाही सोबत घ्या, त्याच्याशी भांडू नका. तो "जा" म्हणाला तर गाडी निघते. आणि मूल गार लागलं, मलूल झालं, प्यायचं थांबलं, उलट्या व्हायला लागल्या किंवा धाप लागली, तर समजावत बसू नका. १०८ बोलवा आणि वाटेत साखरेचं पाणी चमच्याने देत राहा.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली तेव्हा हा आजार साऱ्या राज्याला दिसला. आज केंद्रं आहेत, दूध आहे, उपचार ठाऊक आहेत. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली निघाली. पाड्यापासून केंद्रापर्यंतचं अंतर तुमच्यासारख्या ताईच कापतात. हे पत्र तुम्ही लिहिलंत याचं मला फार मोल आहे.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. उंची १५८ सेंटीमीटर. आठ महिन्यांत वजन ५३ वरून ३९ वर आलं. आधी गोड सोडलं, मग भात, मग पोळी. आता काकडी, ताक आणि अर्धी वाटी वरण. गणपतीत सगळ्यांसाठी एकटीने मोदक केले, स्वतः एकही खाल्ला नाही. दिवसभर मोबाइलवर पाककृती बघते. हात कायम गार, पाठीवर बारीक लव आली आहे. पाळी पाच महिने बंद होती. गोळ्या दिल्यावर आली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. क्लासमध्ये एकदा चक्कर आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नाडी ४६ सांगितली. सासूबाई म्हणतात हट्ट आहे, हे म्हणतात भूक लागली की खाईल. मी काय करू? — एक आई, डोंबिवली

उत्तर : नाडीचा आकडा तुम्ही जाता जाता लिहिला आहे. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. सोळा वर्षांच्या जाग्या मुलीची नाडी ५० च्या खाली म्हणजे दवाखान्यात दाखल करण्याचं कारण. मासिक हातात पडलं त्याच दिवशी तिला फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि नावानिशी या गोष्टी मागा : ईसीजी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब व नाडी, साखर, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम. बाकीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत याने निर्धास्त होऊ नका. या आजारात रक्त बऱ्याचदा शेवटपर्यंत नॉर्मल दिसतं आणि हृदय दमलेलं असतं.

तुम्ही वर्णन केलं आहे त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. निदान समोर बघूनच होईल, पण पत्रावरून मला दुसरं फारसं काही सुचत नाही. हा हट्ट नाही, फॅशनही नाही. मनोविकारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत याची गणना होते. आणि तो फक्त श्रीमंतांच्या किंवा परदेशातल्या मुलींना होतो हा समज सोडा. माझ्याकडे बारावीतला एक मुलगा आला होता, तालमीत जाणारा.

"भूक लागली की खाईल" हे निरोगी माणसाला लागू आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव घटलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, घासाघासाला खेळत बसायला लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, उन्हाळ्यात कुडकुडायला लागले. त्यांना ॲनोरेक्सिया नव्हता. उपासमारीनेच डोकं तसं चालायला लागलं होतं. तुमच्या लेकीचे मोदक आणि मोबाइल याच जातीचे आहेत. म्हणूनच आधी वजन, मग मनातलं बोलणं. उपाशी मेंदूला कितीही समजावलं तरी ते पोहोचत नाही, आणि मनाच्या गोळ्याही इतक्या कमी वजनात फारशा लागू पडत नाहीत.

पण इथेही घाई नको. दाखल झाल्यावर आजी डबा भरून शिरा-पुरी आणेल. पहिल्या आठवड्यात डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिष्टमय अन्न गेलं की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस व पोटॅशियम पेशींत ओढून नेतं. रक्तातलं फॉस्फरस तळाला गेलं की श्वासाचे स्नायू आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून खाणं रोज थोडं थोडं वाढवत नेतात, सुरुवातीचे दिवस रोज रक्त तपासतात आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधीच सुरू करतात. आणि उलट टोकही टाळायचं असतं. भीतीपोटी दिवसाला ५०० कॅलरीवर ठेवून दिलं तर ती दवाखान्यातही घटत राहील.

गोळ्यांनी आलेली पाळी ही गोळ्यांची पाळी. तिने हाडं वाचत नाहीत, आणि "आली ना पाळी" म्हणून घरचे सुस्तावतात. वजन परतलं की पाळी आपली आपण येते, तीच खरी खूण.

घरी आल्यावरचं काम मोठं, आणि ते आई-बाबांचंच आहे. किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत जास्त पुरावा असलेला उपचार म्हणजे कुटुंबाला हाताशी धरून केलेला, लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात घडत गेलेला. काही महिने ताट तुम्ही वाढायचं. काय आणि किती हा निर्णय तिच्याकडे ठेवायचा नाही. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, प्रत्येक वेळी दोघांपैकी एक जण शेजारी. ती रडेल, ओरडेल, पोळी रुमालात लपवेल. त्यावर व्याख्यान देऊ नका, कॅलरीचा हिशेब करू नका, "आमच्यासाठी खा" म्हणून शपथ घालू नका. एवढंच म्हणा : "तुला किती भीती वाटतेय ते दिसतंय मला. तरी हे खायचंय. मी इथेच बसलेय." आणि बसा. अर्धा तास, तास, जे लागेल ते. जेवणानंतरही तासभर सोबत राहा, कारण काही मुली तेवढ्यात उलटी काढतात. वजन स्थिर झालं की खाण्याची जबाबदारी हळूहळू तिच्या हाती परत द्यायची, आणि त्यानंतर कॉलेज, मैत्रिणी, तिचं स्वतःचं आयुष्य.

बाबांना हे पत्र वाचायला द्या. एकाने पातेलं धरायचं आणि दुसऱ्याने "राहू दे, नको जबरदस्ती" म्हणायचं, या फटीत हा आजार महिनोन्‌महिने राहतो. घरात कुणीही, कुणाच्याही, जाड-बारीकवर बोलायचं नाही. वजनकाटा बाहेर काढा. मनोविकारतज्ज्ञ हवेतच, आहारतज्ज्ञ निवडताना अशा किती मुलांना पाहिलं आहे हे विचारा, वजन कमी करून देणारं केंद्र नको. आणि जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, वजन ८१, उंची १५६. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी उपास करते. इतर दिवशीही दुपारपर्यंत चहावर असते. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात दिवा न लावता उभ्याने खाते. उरलेल्या पोळ्या साखर लावून, मुलांची बिस्किटं, चिवड्याचा अख्खा डबा. पोट दुखेपर्यंत हात थांबत नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री तरी. सकाळी स्वतःची किळस येते आणि मग दिवसभर काही खात नाही. उलटी काढत नाही. एका केंद्राने ८०० कॅलरीचा तक्ता दिला, पंधरा दिवस पाळला, मग दुपटीने सुरू झालं. मला जिभेवर ताबा नाही. उपाय सांगा. कृपया नाव छापू नका. — कोल्हापूर

उत्तर : जिभेचा ताबा सुटलेला नाही. तुम्ही दिवसभर जो ताबा ठेवता, तोच रात्री उलटतो आहे. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, असं भान सुटून खाणं होत असेल तर तो ओळखीचा आणि बरा होणारा आजार आहे. इंग्रजी नाव बिंज ईटिंग डिसऑर्डर. लठ्ठपणावर उपचार घ्यायला येणाऱ्यांत तो पुष्कळ सापडतो, फक्त कुणी विचारत नाही. तुम्ही लिहिलंत, हे सोपं नव्हतं.

वजन तूर्त बाजूला ठेवा. तीन महिने काट्यावर उभ्या राहू नका. काम एकच : दर तीन-चार तासांनी खायचं, घड्याळ बघून, बसून, दिवा लावून. सकाळी उठल्यावर तासाभरात नाश्ता. आदल्या रात्री चिवड्याचा डबा संपवला असला तरीही दुसऱ्या सकाळी पोहे खायचेच. सगळ्यात जास्त जड जातं ते हेच, आणि चक्र इथेच तुटतं. दुपारी भाजी-पोळी, वरण-भात. चारला मूठभर शेंगदाणे-फुटाणे. वहीत खाल्लेलं लिहा आणि शेजारी त्या वेळी मनात काय होतं तेही लिहा. कॅलरी लिहू नका.

उपास? तुमच्या श्रद्धेत मला पडायचं नाही. पण आजारी माणसाला उपास माफ असतो, आणि तुम्ही आजारी आहात. नेम हवाच असेल तर काही महिने न खाण्याचा नेम सोडून दुसरा घ्या, जप, वाचन, देवळापर्यंत चालत जाणं.

यासोबत विचार-वर्तन उपचार जाणणारे मानसोपचारतज्ज्ञ शोधा. उदासी असेल तर औषधांचाही उपयोग होतो. साखर, थायरॉइड, रक्तदाब बघा, आणि घोरता का हे घरच्यांना विचारा. रात्रीचं खाणं थांबलं की वजनाबद्दल पुन्हा बोलू. तेव्हा औषधं किंवा शस्त्रक्रिया हेही पर्याय असतील. घरात एका माणसाला सांगा. नवऱ्यालाच सांगायला हवं असं नाही, बहीण चालेल.

प्रश्न : मॅडम, वय ३१, आयटीत आहे. वजन ९४, उंची १७२. फॅटी लिव्हर निघालं, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. चार महिन्यांनी लग्न आहे. जिमचा ट्रेनर म्हणतो वजन उतरवायचं ते आठवड्याचं इंजेक्शन तो मिळवून देईल, चिठ्ठी लागत नाही. घेऊ का? — हिंजवडी

उत्तर : ट्रेनरकडून घेऊ नका. ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत. शिवाय पेनमध्ये नक्की काय आहे आणि तो थंड ठेवला होता का, हे तुम्हाला कळणार नाही.

औषध मात्र वाईट नाही. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जवळपास ३२ आहे; आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या शरीरात तेवढ्याच वजनात चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचं आणि इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. तुमचं यकृत आणि साखर तेच सांगते आहे. तुम्हाला उपचार हवेत, लग्न असो-नसो.

पण चार महिन्यांचं गणित बसत नाही. अशा इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत नेतात. पूर्ण मात्रा, २.४, गाठायलाच सोळा आठवडे जातात, म्हणजे तुमचा मांडव. भराभर वाढवलं तर मळमळ-उलट्यांनी हैराण व्हाल. चाचण्यांत सुमारे १५ टक्के वजन घटलं ते ६८ आठवड्यांत; टिर्झेपेटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनाच्या मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के, ७२ आठवड्यांत. आणि सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. लग्नापुरतं घेऊन सोडायचं असेल तर सुरूच करू नका.

घ्यायचं ठरलं तर आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोन्सच्या तज्ज्ञांना) सांगा : स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताचे खडे आहेत का, घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग कुणाला होता का. भूक मरते म्हणून प्रथिनं सोडू नका आणि जिममध्ये वजनं उचला, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. चार महिन्यांत पाच किलो उतरले तरी साखरेला फरक पडतो, यकृतासाठी सात ते नऊ किलो हवेत. शेरवानी मापाने शिवून घ्या.

प्रश्न : आईचं वय ७२, अठरा वर्षं मधुमेह. आम्ही भात, फळं, बटाटा सगळं बंद केलं. साखर छान आहे, एचबीएवनसी ५.९, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळ्या चालू. पाच महिन्यांत वजन ५८ वरून ५० झालं. सगळे म्हणतात छान आटोक्यात आलं. मला मात्र तिचे दंड बघवत नाहीत. — विटा

उत्तर : तुम्हाला जे खटकलं ते बरोबर आहे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत दहा टक्क्यांवर वजन गेलं, तर ते कुपोषण. तुमच्या आईचं जवळजवळ चौदा टक्के गेलं आहे. कारण शोधा : छातीचा एक्स-रे आणि थुंकी, थायरॉइड, मूत्रपिंड, बी-१२, कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी. कवळी सैल झाली आहे का, घास अडकतो का, मन उदास आहे का, हेही बघा. मेटफॉर्मिननेही भूक मंदावते. क्षयरोग निघाला तर आहार हा औषधाचाच भाग समजा. झारखंडमधल्या २०२३ च्या अभ्यासात ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यू कितीतरी कमी दिसले. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात.

भात परत सुरू करा. वर घट्ट वरण आणि तूप. रोज एक-दोन अंडी किंवा पनीर, दही, दाण्याची चटणी. दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. या वयात एचबीएवनसी साडेसात-आठ असलं तरी पुष्कळ. इतकी खाली साखर आणि सोबत ग्लिमेपिराइड, म्हणजे रात्री ती उतरण्याची भीती. पहाटे घाम, गोंधळल्यासारखं बोलणं असं काही होतं का, तिला विचारा. मात्रा कमी करण्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तोवर ज्या सकाळी ती नीट खाणार नाही, त्या सकाळी ग्लिमेपिराइड देण्याआधी त्यांना फोन करा, आणि उशाशी साखरेची पुडी ठेवा.